पाकीट विद्यार्थ्याने स्वतः उघडावे

सर,

तुमचा फोटो मी हलवला. खालच्या हॉलमध्ये, संस्थापकांच्या शेजारी, चंदनाचा हार घालून लावला होता तो. रंगकामाच्या वेळी सगळेच फोटो उतरवले होते. परत लावताना शिपायाने विचारलं, "मॅडम, हे सर कुठं लावू?" मी म्हटलं, पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी लावा, मुलं येता-जाता दर्शन घेतील. आता तुमच्या खाली साखळीने बांधलेले स्टीलचे चार ग्लास आहेत आणि मुलं तुमच्याकडे पाठ करून चुळा भरतात. एवढ्याने माझं समाधान झालं असेल असं समजू नका. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं माझी आई म्हणायची. पण तुम्ही होतात तेव्हा तुमच्यासमोर तोंड उघडायची माझी प्राज्ञा नव्हती, मग बोलायचं तरी कधी?

फिजिक्सच्या लॅबशेजारची, जिन्याखालची तुमची मार्गदर्शनाची खोली आता माझी आहे. अकरावी-बारावीच्या मुलांना पुढे काय करता येईल ते दाखवायचं, हेच माझं काम. तुमची हाताची खुर्ची मी वॉचमनला देऊन टाकली. 'झेपेल तेच निवडा' ही तुमची पाटी रद्दीवाल्यानेही घेतली नाही, ती कुंडीखाली ठेवली आहे. आणि तुमच्या फॉर्मवर नावाच्या खाली पहिलाच जो रकाना होता, 'वडिलांचा व्यवसाय', तो मी काढून टाकला. त्या एका रकान्यासाठी तीन मीटिंगा झाल्या. प्राचार्य म्हणाले, "अहो, माहिती असलेली बरी." मी म्हटलं, कोणाला बरी? ते गप्प बसले. पुण्यात गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे, हे मला माहीत आहे, पण मी तो होकार धरला.

आता त्या शनिवारचं बोलू. मी बारावीत आहे. त्या वर्षी पुण्यात जो तो कॉम्प्युटर म्हणतोय. बिबवेवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाच्या गिरणीच्या माडीवर कॉम्प्युटर क्लास निघालाय. पीठ उडून आत जाऊ नये म्हणून त्यांनी खिडक्यांना जाड पडदे लावलेत, आणि मी पडद्याच्या फटीतून बघते. माझे बाबा सरकारी कचेरीत शिपाई. साहेबांचे पेपर संध्याकाळी रद्दीत जायच्या आधी ते सॉफ्टवेअरच्या नोकरीच्या जाहिराती कापून घेतात आणि दुधाच्या रिकाम्या पिशवीत जपून ठेवतात. वर्षभरात पिशवी फुगलीय. त्यातलं इंग्रजी त्यांना अर्धंमुर्धं कळतं, पण घरी आले की भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोसमोर पिशवी ठेवतात आणि मगच हातपाय धुतात. दिवाळीनंतर कॉलेजने आमची कल चाचणी घेतली होती. प्रत्येकाचा रिपोर्ट खाकी पाकिटात, गोंदाने बंद होऊन आला होता. दर शनिवारी तुम्ही एकेकाला पालकांसह बोलवायचात आणि पाकीट उघडून मार्गदर्शन करायचात. बाबांनी त्या दिवशी अर्धी रजा टाकली, चपलांना पॉलिश केलं आणि पिशवी सोबत घेतली.

आमच्या आधी एका डेंटिस्टचा मुलगा होता. दार उघडंच होतं, म्हणून सगळं दिसत होतं. तुम्ही पितळी चाकूने त्याचं पाकीट फोडलंत, कागद सरळ केलात, चष्मा बदललात आणि ओळीवर बोट ठेवून वीस मिनिटं वाचत होतात. मध्ये चहा आला. तुम्ही त्याच्या आईला विचारलंत, "याला आकृत्या चांगल्या जमतात, पण याला स्वतःला काय आवडतं?" तेव्हा मी मनात म्हटलं, किती छान सर आहेत. तो प्रश्न माझ्या वाट्याला आला की काय उत्तर द्यायचं, तेही मी ठरवून ठेवलं.

मग आम्ही आत गेलो. बाबा खुर्चीच्या कडेवर बसले. तुम्ही माझं पाकीट गठ्ठ्यातून काढलंत आणि त्याच्यावर कोपर टेकवलंत. बाबा समोर बसलेले असताना तुम्ही मला विचारलंत, "वडील काय करतात?" बाबाच म्हणाले, "शिपाई आहे साहेब, सरकारी." मग तुम्ही आमचं मूळ गाव विचारलंत आणि नुसतं "अच्छा" म्हणालात. तो अच्छा आमच्या घरात लहान पोरालाही ओळखता येतो. आजोबांनी धम्म स्वीकारला, बाबा मॅट्रिक झाले, आम्ही पुण्यात दोन खोल्या घेतल्या, पण त्या अच्छापासून सुटका झाली नाही. मी म्हटलं, "सर, मला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचंय." तुम्ही बाबांकडे बघून हसलात. "तुम्हा लोकांना जागा असतात, प्रवेश मिळेलही हो. पण पुढे झेपायला हवं ना? डी.एड. करू द्या. दोन वर्षांत शिक्षिका होईल, मुलीला सोयीचं पडतं." बाबांनी पिशवीवरची मूठ घट्ट केली आणि विचारलं, "रिपोर्टात काय म्हणलंय साहेब?" आणि तुम्ही डोळ्याची पापणी न लववता म्हणालात, "रिपोर्टमध्येही तसंच आलंय."

पाकीट तुमच्या कोपराखाली होतं. त्याचा गोंद मला दिसत होता सर. जरासुद्धा उचकटलेला नव्हता. "सर, पाकीट उघडा ना," एवढं एक वाक्य म्हणायचं होतं, आणि मी म्हणाले, "बरं, सर." चार मिनिटांत आम्ही बाहेर. बसमध्ये बाबा म्हणाले, "सरांनी वाचलंय ना, मग झालं. शास्त्रोक्त असतंय ते." पिशवीचं तोंड त्यांनी त्या बाकावर बसूनच दोऱ्याने बांधलं. तुम्ही ते वाचलंच नव्हतं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. लेकीची कुवत शास्त्राने ठरवली, असं मानून ते गेले. माझ्या नुकसानाचं एक वेळ मी बघून घेईन. बाबांना तुम्ही फसवलंत, ते मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, कारण त्याचं श्रेय तुम्ही घेतलंत. कात्रजच्या एका शाळेत मी तिसरीला शिकवायला लागले होते. मंडईत मटार घेत होते, तर मागून हाक आली. तुम्ही, सोबत तुमच्या घरच्या बाई, हातात कापडी पिशवी. "काय गं, झालीस ना शिक्षिका? सांगितलं नव्हतं मी?" आणि बाईंना म्हणालात, "ही आपली विद्यार्थिनी. हिला मीच मार्गाला लावली." मी काय केलं असेल? मी वाकून नमस्कार केला. आमच्या घरात कोणी कोणाच्या पाया पडत नाही, तरी मी भर मंडईत सालपटांच्या चिखलात वाकले. तुम्ही खूश होऊन दोन संत्री काढून दिलीत. बसस्टॉपवर उभी राहून रागारागाने मी ती खाल्ली. ती गोड निघाली, त्याचाही मला राग आला. आणि खरं सांगायचं तर तिसरीची पोरं माझ्यावर जीव टाकायची, मला शिकवता यायचं, याचाही राग यायचा. एखादं पोर पाढा न अडखळता म्हणालं की मी आनंदून जायचे, आणि लगेच तुमचं ते "सांगितलं नव्हतं मी?" कानात वाजायचं. माझा आनंदसुद्धा तुम्ही तुमच्या नावावर लावून घेतलात.

अठरा वर्षं शिकवत शिकवत मी बाहेरून बी.ए. केलं, मानसशास्त्रात एम.ए. केलं, समुपदेशनाचा डिप्लोमा केला आणि नेमक्या याच कॉलेजात अर्ज टाकला. चांगल्या विचाराने टाकला नाही, तुमच्या खुर्चीसाठी टाकला. रुजू झाल्याच्या आठवड्यात जिन्याखालचं लोखंडी कपाट उपसलं. जुन्या वह्या, झुरळांची अंडी, आणि सर्वांत खाली न फोडलेल्या पाकिटांचा गठ्ठा. चाळीसेक असतील. मी एकेक आडनाव वाचत गेले. तुमची निवड अगदी काटेकोर होती, एकही आडनाव चुकून त्यात आलेलं नव्हतं. सोळावं पाकीट माझं होतं. त्या दिवसापासून भेटेल त्याला मी हे सांगत आले. स्टाफरूममध्ये, नातेवाइकांत, आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरसुद्धा. डेंटिस्टच्या मुलाने हिंजवडीतून रडका चेहरा पाठवला. आणि माझ्या दारावर मी पाटी लावली: पाकीट विद्यार्थ्याने स्वतः उघडावे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गेल्या आठवड्यात तुमची नात आली. आडनावावरून मला शंका आली, आणि सर, जो रकाना मी भांडून काढला तो प्रश्न माझ्याच तोंडून गेला. "घरी कोण काय करतं?" ती म्हणाली, "बाबांचं स्टार्टअप आहे. आणि आजोबा इथेच होते ना, पाण्यापाशी फोटो आहे बघा, ते. आजीला सांगितलं तर म्हणाली, बरं केलं, त्यांना तहान फार लागायची." आणि खळखळून हसली. माझा एवढा सूड, त्याचा तुमच्या घरात विनोद झाला. माझं डोकं सणकलं. तिचं पाकीट माझ्यासमोर होतं. मी त्याच्यावर कोपर टेकवलं.

"मॅडम, मला डेटा सायन्सला जायचंय. सीरियसली."

"प्रवेश मिळेलही गं. पण पुढे झेपायला हवं ना? डी.एड. कर. मुलींना सोयीचं पडतं."

तिचा चेहरा क्षणभर उतरला. "पण रिपोर्टमध्ये काय आहे?"

"रिपोर्टमध्येही तसंच आलंय."

ते वाक्य बोलताना जिभेला काय गोड लागलं, म्हणून सांगू! सत्तावीस वर्षं मी त्या चवीसाठी थांबले होते. तिने आता "बरं, मॅडम" म्हणायचं होतं, खाली मान घालून उठायचं होतं, घरी जाऊन रडायचं होतं. ती पाकिटाकडे बघत राहिली.

"मॅडम, ते तर बंद आहे."

"वाचलाय मी."

"बंद पाकिटातून?" ती म्हणाली. उद्धटपणे नाही, नुसती चौकशी केल्यासारखी. "आणि बाहेर पाटी तुम्हीच लावलीय ना? मला द्या ना ते."

मला न म्हणता आलेलं वाक्य ती इतक्या सहज बोलली, पाणी मागावं तितक्या सहज. तिला कोणी कधी "अच्छा" म्हटलेलं नाही. मला तिचा हेवा वाटला आणि तुमचा राग आला, या वेळी तिचाही आला, आणि मग लाज वाटली. मी कोपर उचललं. तिने कंपासमधल्या पट्टीने पाकीट फोडलं आणि उभ्या उभ्याच वाचलं. "आकडे मध्यम आहेत म्हणे. भाषा मस्त आहे. आणि मॅडम, तुम्ही म्हणालात तसं थोडं आहे की यात, टीचिंग तिसऱ्या नंबरवर आहे." मला वाटलं, आता तरी खचेल. तिने कागदाची घडी केली. "बघू. जास्त अभ्यास करावा लागेल एवढंच. फॉर्म मी तोच भरणार." मी तिला फॉर्म दिला, कॉलेजांची यादी दिली आणि गणिताच्या एका चांगल्या मॅडमचा नंबरही दिला. "मघाशी मी चुकीचं बोलले," असंही म्हणाले. "इट्स ओके," म्हणाली आणि गेली. जाताना तुमच्या फोटोखाली थांबून पाणी प्यायली.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तुमचा पत्ता आता कोणाकडे आहे? कपाटात वरच्या फळीवर ठेवीन, माझ्या पाकिटाखाली. ते पाकीट आत्ता समोर टेबलावर आहे. आत काहीही निघालं, अगदी डी.एड. निघालं, तरी तुमचा गुन्हा तसूभरही कमी होत नाही, हे मला पक्कं कळतं. तुम्ही ते उघडलं नाहीत, हे मी गावभर सांगितलं. मी उघडलं का, हे मात्र मला आजवर कोणी विचारलं नाही. नाही उघडलं, सर. सापडून सात वर्षं झाली. पट्टी हातात घेते आणि परत ठेवते. आत तुमचंच म्हणणं निघालं, तर तुम्ही त्यांना फसवलंत, हे बाबांना कुठल्या तोंडाने सांगू?