एका पायावर उभं राहणं

गुरुजी, आज नातू पुस्तकावर पेंगत होता आणि तुम्ही आठवलात. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल या धास्तीनं दोनदा कागद फाडला, आता चुकलं तर चुकू दे. सोलापूरच्या उन्हात, तापलेल्या पत्र्याखाली तिसरीच्या वर्गात आमच्याही माना अशाच पडायच्या. तुम्ही पाढे थांबवून सगळ्यांना उभं करायचात. रोज एकानं पुढं येऊन आपल्या घरचं काम करून दाखवायचं आणि बाकीच्यांनी जागेवर तसंच करायचं. विणकराचा पोरगा पाय दाबत मागाचा धोटा फेकायचा, सुताराचा रंधा ओढायचा. एवढ्यानं झोप उडायची आणि अडलेला पाढा सरळ तोंडातून निघायचा.

माझी पाळी आली तो दिवस अजून डोळ्यांपुढून जात नाही. मी पुढं उभा आहे. वडील मेंढरं राखतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. "दाखव की, मेंढरं कशी वळवता," तुम्ही म्हणता. मागून कुणीतरी बें करतो, वर्ग हसतो. "आमच्यात मेंढरं न्हाईत, गुरुजी," मी म्हणतो. अंगाला घोंगडीचा वास येतोय. तुम्ही रागावला नाहीत. छडी टेकून, मेंढक्यासारखं एका पायावर उभं राहून स्वतःच हुर्रर करू लागलात आणि तोल जाऊन टेबलावर आदळलात. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेला गेलो नाही. मग एका संध्याकाळी तुम्ही तळ्याकडच्या माळावर आमच्या मेंढरांपाशी आलात. मी मेंढरांआड बसून राहिलो. माझं खोटं तुम्ही वडिलांना सांगितलंच नाही. एका पायावर कसं उभं राहायचं, तेवढं विचारलंत. वडील खूश झाले. "भार काटीवर टाका मास्तर, पायावर न्हाय." तुम्ही तसे उभे राहिलात, माझ्याकडं बघून हसलात. "पोराला पाठवा," म्हणालात. "येतंय की उद्या," वडील म्हणाले. मी गेलो नाही. वडील रागे भरले, तुम्ही परत आलात, तरी नाही. शिक्षण तिथंच राहिलं.

आज नातवाला उठवलं, हातात काठी दिली, दोघं एका पायावर उभे राहिलो, हुर्रर केलं. पोरगं खिदळलं आणि अडलेलं गणित सोडवून मोकळं झालं. हा कागद गादीखाली ठेवतो, पाठवणार कुठं? पण गुरुजी, हुर्रर करण्याआधी मी उठून दार लावून घेतलं होतं.