वेग आला आहे

२ जून
आजपासून गिटारवर अल्टरनेट पिकिंग. पिक एकदा खाली, एकदा वर, आणि इतक्या वेगाने की हात दिसूच नये. सप्टेंबरमध्ये शाळेच्या मैत्रिणी जमणार आहेत. शाळेच्या बँडमध्ये सिस्टरांनी मला कायम ट्रँगल दिला. माझी पाळी येईपर्यंत गाणं संपत आलेलं असायचं. ह्या वेळी सगळ्यांनी एकदा तरी माझ्याकडे वळून बघायला हवं. ग्रुपवर कळवून टाकलं: गिटार वाजवणार.

५ जून
गिटारचे सर माझ्या मुलीपेक्षा लहान. म्हणाले, मेट्रोनोमच्या टिकटिक ठोक्यांवर अगदी सावकाश सुरू करा. सावकाश मला येतंच. ते काय शिकायचं?

१९ जून
नवऱ्याला दुपारची झोप प्रिय. म्हणून इलेक्ट्रिक गिटार अ‍ॅम्पला न जोडताच वाजवते. आणि काय आश्चर्य, वेग आला! सगळं कसं मऊ, सलग. त्याला विचारलं, कसं वाटलं? म्हणाला, "उत्तम. अजिबात त्रास झाला नाही."

१० जुलै
मुलीला फोनवर ऐकवलं. म्हणाली, "आई, तुझी भाजी चिरून झाली की बोलू या का?" तिच्याकडे रेंजच नसते.

३ ऑगस्ट
सर म्हणाले, "काकू, अ‍ॅम्प लावून ऐका हो एकदा. चुका त्यातच कळतात." म्हटलं, आज मनगट दुखतंय. मग दुखलंही, पण संध्याकाळी.

२८ ऑगस्ट
क्लासला गेले नाही. मेट्रोनोम माझ्या मागे पडायला लागला आहे. बिचारा.

१४ सप्टेंबर
शाळेचा तोच हॉल. साउंडवाल्याने गिटार मोठ्या अ‍ॅम्पला जोडली, आणि मी पहिल्यांदाच स्वतःला ऐकलं. निम्मे सूर गायब, उरलेले एकमेकांच्या अंगावर. डोळे घट्ट मिटून शेवटपर्यंत वाजवलं. उघडले तर सगळ्याजणी माझ्याकडेच बघत होत्या. किती मायेने! टाळी मात्र एकीचीही नाही.

बाकावरची माझी जुनी शेजारीण, आता दोन नातवंडांची आजी, पुढून म्हणाली, "तारा सावकाश लाव गं. आम्हाला कुठे घाई आहे? झालं की सुरू कर."

म्हटलं, झाल्या लावून. मग शाळेची प्रार्थना एकेक सूर शोधत वाजवली. सगळ्या गायल्या. दोघी रडल्यासुद्धा.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, माझ्या ट्यूनिंगकडे सगळ्यांचं फार लक्ष होतं.