न सुटणारी रेघ

१२ नोव्हेंबर

मी बोलते, संगणक लिहितो. काय लिहितो कोण जाणे — मला अक्षरओळख नाही. माझं गुपित माझ्यापासूनही लपलेलं!

आज सोल्हीचा तीनदा फोन. तीनदा! नात माझी, तिकडे राजधानीत, सोलला असते. संगणकावर चित्र काढायचा फळा बनवते आणि जगाला फुकट वाटते. लोक तो आपापल्या कामात बसवतात. नवा झाला की आधी माझ्या संगणकावर धाडते. मी माऊसनं रेघोट्या ओढते, बिघडलं की सांगते.

आज समुद्र काढत होते. हात फळ्याच्या कडेबाहेर गेला, बटण तिथंच सोडलं. परत आले तर रेघ माझ्यामागं चिकटलेली. सोल्ही खूश! म्हणाली, बटण दाबलेलं फळ्याला कळतं, पण बाहेर जाऊन सोडलेलं कळतच नाही. मी म्हटलं, माझ्यासारखाच आहे. पोरं कधीची गेली, मी अजून धरून बसलेय.

हसली.

१४ नोव्हेंबर

दुरुस्त झालं.

२३ नोव्हेंबर

नऊ दिवस फोन नाही. गावच्या म्हाताऱ्यांच्या बैठकघरात जाऊन बसले. खालून तापवलेल्या जमिनीवर पाय पसरून सगळ्या जणी पत्ते खेळत होत्या. गोहुंगहून लग्न होऊन आलेली ती गोहुंगवाली म्हणाली, तुझी नात फार मोठी झाली बाई, हिवाळ्यासाठी कोबीची किमची घालायलासुद्धा आली नाही. मी म्हटलं, तुझा लेक आला होता ना, किती कोबी धुतले त्यानं? पत्ते पिसायला लागली.

घरी येऊन फोनकडे बघत बसले.

२४ नोव्हेंबर

मीच फोन लावला. खोटं बोलले. रेघ पुन्हा चिकटते म्हटलं, आता तर फळ्याच्या मधोमध.

अर्धा तास बोलली! बोट कसं उचललंस, किती वेळ थांबलीस. जेवलीस का, ते विचारायचं राहिलं. असो.

२ डिसेंबर

रोज फोन. रोज एक थाप. हात बसलाय आता.

६ डिसेंबर

दोष सापडेना, तेव्हा सोल्हीनं नियमच घातला — माऊस क्षणभर थांबला की बटण सुटलं असं धरायचं. तो फळा जगभर गेला. आता जे सावकाश काढतात त्यांच्या रेघा मध्येच तुटतात. परदेशातल्या कुणा नकाशेवाल्यानं सगळ्यांसमोर लिहिलंय, जमत नसेल तर हे काम सोडा. तिनं मला ते वाचून दाखवलं. आवाज अगदी बारीक.

"आजी, नीट आठव. बोट उचललं होतंस ना?"

उचललं होतं म्हटलं. जीभ झडत नाही माणसाची.

७ डिसेंबर

कबूल केलं. सोल्ही म्हणाली —

"फोन यावा म्हणून?"

हो म्हटलं.

"मग तसं सांगायचंस ना, आजी."

"तसं सांगितलं की तू म्हणतेस, कामात आहे. दोष आहे म्हटलं की तुझं काम मीच होते."

रडली की काय, कळलं नाही. नियम काढून टाकला. चूक आपली, असं सगळ्यांसमोर लिहिलंन् — माझं नाव न घेता. यापुढं खरं तेवढंच सांग म्हणाली. फेब्रुवारीत चांद्र नव्या वर्षाला येते, असंही म्हणाली.

१९ डिसेंबर

फोन नाही. फळा उत्तम चालतो, मेला.

८ जानेवारी

रेघ चिकटतेय. खरंच. गोहुंगवालीला बसवून पाहिलं — तिच्या हातात लगेच सुटते. मला वाटतं मी बोट उचललं. बघते तर ते बटणावरच.

हे कळलं तर पोरगी पहिल्या बसनं येईल.

म्हणून सांगवत नाही.