मोटारीच्या बाकांवरचं बेलपान

सोलापूर, वैशाख शुद्ध सप्तमी

आज शाळेला सुटी. सकाळी अम्मानं भाकरी केल्या, मी पाणी भरलं. ऊन चढल्यावर मोटारीचे शेठ आले, ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि गेले.

तीर्थरूप नाना,

शेठ काय विचारायला आले होते ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहिते आहे. तुमच्या नावामागं 'कै.' लिहायला हात धजला नाही.

ते म्हणाले, बाकांवरची कापडं विरत आली, विणणारे तर गेले, आता पुन्हा मेणकापड घालावं म्हणतो. अम्मा माझ्याकडं बघायला लागली. मी त्यांना उद्या सांगते म्हटलं.

ते मेणकापड आठवतं ना? स्टेशनापासून तुळजापूर वेशीपर्यंत मोटार सुरू झाली, तेव्हा सगळं गाव हौसेनं बसलं. उतरताना मात्र प्रत्येकाचं धोतर, लुगडं मागं चिकटलेलं. वैशाखात तर लोक आधी पंचा अंथरायचे, मग टेकायचे. तुम्ही एकदाच बसलात आणि घरी येऊन अम्माला म्हणालात, "तव्यावर बसून आलो." लगेच शेठांकडं गेलात. घाम टिपणारं जाड सुती कापड विणून देतो, धुवायला काढता येईल अशा खालून नाड्या लावतो, असं त्यांना पटवून आलात.

पण नाना, त्यावर बेलपान कशाला विणलंत?

मला माहीत आहे कशाला. हौसेनं बसली तरी माणसं मोटारीला मनातून भीत होती, तेव्हा सिद्धेश्वराचं काहीतरी सोबत असावं, असं तुम्हाला वाटलं. प्रत्येक बाकाच्या मधोमध हिरवं तीन दळांचं बेलपान. किती सुबक उतरलं होतं! नव्या कापडांच्या पहिल्या फेरीला मलाही घेऊन गेलात.

बाळीवेशीतली एक म्हातारी चढली, कपाळावर विभूतीचे पट्टे. तिनं बाकाकडं पाहिलं आणि दांडी धरून उभी राहिली. कंडक्टरनं बसा म्हटलं, तर त्यालाच म्हणाली, "बेलाच्या पानावर बसू व्हय? मी हाय तशी बरी हाय."

मग बसलेले एकेक करून उठले. मोटारीतली सगळी माणसं उभी आणि सगळे बाक रिकामे, अशी आपली वरात वेशीपर्यंत गेली. तिथं शेठ वाट बघत होते. ते म्हणाले, "नाना, मोटार बसायला हाय, पूजेला न्हाय." लोक हसले. मला वाटलं, आता तुम्ही भांडाल. तुम्ही वाकून एकेक नाडी सोडलीत, कापडांच्या घड्या घातल्यात आणि काखोटीला मारून चालू लागलात.

वाटेत मी विचारलं, राग नाही का आला? तुम्ही आपल्या तेलुगूत म्हणालात, "म्हातारीचं बरोबर आहे. मी वरून बघत विणलं. बसणाऱ्याच्या बाजूनं बघायचं राहिलं."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मागावर नवा ताणा लावलात. तांबडे-पांढरे साधे पट्टे, बाकी काही नाही. बेलाच्या कापडांना तुम्ही कात्री लावू देईनात. ती मोटारीच्या खिडक्यांना पडदे म्हणून बांधलीत. जाड असल्यानं ती वाऱ्यानं फडफडेनात, आणि ऊन, धूळही अडली. ती म्हातारी पुन्हा चढली तेव्हा मी समोरच होते. पट्ट्यांवर ऐसपैस बसली, पडद्याला हात लावून डोळ्यांना लावला आणि झोपी गेली. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मिशी जरा हलली, एवढंच.

शाळेत शिकवायला जाताना मी रोज म्हातारीच्या त्याच बाकावर बसते. बायका म्हणतात, ह्या मोटारीत लई बरं वाटतं. मी ऐकून उतरून जायची. काल मात्र बाकावर शेजारी बसलेल्या बाईला सांगितलं, हे माझ्या वडिलांनी विणलं आहे.

एक विचारू? मला सुताच्या कांड्या भरू दिल्यात, शाळेत घातलंत, मास्तरीण केलंत. मग मागावर कधीच का बसू दिलं नाहीत? बाकांसाठी लावलेलं तुमचं शेवटचं पट्ट्यांचं कापड मागावर अर्धंच राहिलं आहे. अम्मा त्याला कुणाला हात लावू देत नाही. आज मात्र मी मागावर बसते म्हटलं, तर नाही म्हणाली नाही.

शेठांना उद्या सांगणार आहे, मेणकापड आणू नका. शाळा सुटल्यावर मी विणीन. तिथूनच पुढं विणीन, कापून वेगळं करणार नाही. तुमचा हात कुठं संपला आणि माझा कुठं सुरू झाला, ते बघणाऱ्याला दिसेल. दिसू दे. बसणाऱ्याला टोचणार नाही, एवढा शब्द देते.

अम्मा शेजारी गेली आहे. मागावरची धूळ पुसून ठेवली आहे. आता कांडी भरायला घेते.

तुमची
अंबू