धुक्यातली घंटा

बोस्कोलुंगो, पो नदीचा बांध
मंगळवार, १२ डिसेंबर

माझ्या लाडक्या एर्मेस,

गालाचा पापा, आणि कान हाताशी असता तर एक पीळसुद्धा. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझ्या आईच्या जन्मापासून कुरकुरतोय. शहरातली तुझी ती खोली ओलसर आहे, अंथरूण भिंतीपासून लांब ओढ. फोन उचलत नाहीस, म्हणून हे लिहिणं आलं.

धुकं असं उतरलंय की अंगणातलं पर्सिमॉनचं झाड दिसतच नाही, नुसती केशरी फळं हवेत लटकलेली दिसतात. या दिवसांत मला जागेपणात आणि झोपेत फारसा फरक कळत नाही. खिडकीशी बसते, डोळा लागतो, उघडतो, बाहेर तेच पांढरं.

नाताळसाठी मांसाचं सारण भरून कापेलेत्ती वळायला घेतल्यात. समोरच्या हरपालची लेक सिमरन मदतीला येते. सारण बघून म्हणाली, "आमच्याकडे अशीच गुजिया करतात, पण आत गोड असतं." मी म्हटलं, "गोड? आणि कोंबडीच्या रश्श्यात? अगं बाई, देवाला तरी बघवेल का ते!" हसून हसून पिठात लोळायची बाकी होती पोरगी.

आपली ढब्बू कोंबडी हल्ली अंडी लपवते. रविवारी तू जेवून गेलास, मग मी तिला शोधत खोपटात गेले, तर तू तिथं ठेवून गेलेल्या निळ्या पिशवीमागं बसलेली. असो.

काल बाबा स्वप्नात आले होते. तुझे पणजोबा, आमोस. ही गोष्ट मी तुला अर्धीच सांगितली आहे. लहान होतास, आणि तुला लॉऱ्यांचा भाग तेवढा आवडायचा.

हरपाल राहतो ते घर तेव्हा मजुरांच्या सोसायटीचं होतं. धुकं पडलं की बाबा तिथली घंटा वाजवायचे, बांधावरचा माणूस कालव्यात जाऊ नये म्हणून. एकोणीसशे एकवीस सालच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी त्यांना बांधावर इंजिनं घरघरताना ऐकू आली. पुढं जातात, थांबतात, मागं येतात. कोणीतरी वाट चुकलंय, बिचारे बुडतील, म्हणून बाबांनी दोरी धरली आणि हात भरून येईपर्यंत घंटा वाजवली. त्या आवाजाच्या मागोमाग लॉऱ्या थेट दारात आल्या. काळे सदरे घातलेली फॅसिस्ट पोरं होती. जमीनदारांनी दिलेल्या लॉऱ्या, जमीनदारांचंच पेट्रोल. मजुरांनी एकी करून मजुरी वाढवून मागितली होती, एवढाच गुन्हा.

त्यांनी सोसायटीचं सामान जाळलं. बाबांना खुर्चीला बांधलं आणि एरंडेल पाजलं, बाटलीभर. नाक धरलं होतं ग्वेर्रिनोनं. हो, आपल्याच गल्लीतला बेकरीवाला ग्वेर्रिनो, ज्याच्याबरोबर बाबा शनिवारी पत्ते खेळायचे. मग तशाच भरल्या विजारीनं त्यांना चौकातून फिरवलं. बाबा म्हणायचे, मार मी विसरलो, पण लोक हसले ते नाही विसरलो. चांगली घरंदाज माणसं खिडक्यांतून हसली. ग्वेर्रिनो म्हणाला, "अरे आमोस, गंमत रे नुसती, मनावर नको घेऊस!" त्या गमतीनं पुढं वीस वर्षं राज्य केलं आणि माझे दोन्ही काका खाल्ले.

टीव्हीवर शहाणी माणसं भांडतात की ते दिवस परत आलेत का, इथं, फ्रान्समध्ये, हंगेरीत, जर्मनीत. मला म्हातारीला त्यातलं काय कळतंय? मला फक्त ते हसणं ओळखू येतं. रविवारी माझ्याच टेबलाशी बसून तू म्हणालास, "आजी, समोरच्या त्या पगडीवाल्याला शनिवारी जरा गंमत दाखवणार आहोत." आणि हसलास. माझ्या हातातला डाव पातेल्यात पडला, तुला वाटलं म्हातारपण.

तर पिशवी. उघडली मी. आजी आहे तुझी, उघडणारच. एरंडेलाच्या बाटल्या. लेबलंसुद्धा नवी कोरी. मेल्या, कुठून सुचलं रे तुला हे? कुणी शिकवलं? तिथंच जमिनीवर बसून रडले मी, कोंबडी बघत होती. तुझा राग आला, आणि तू लहानपणी तापात माझ्या मांडीवर झोपायचास तेही आठवलं. दोन्ही एकदम आलं, आणि अजून दोन्ही आहे.

काल स्वप्नात बाबा घंटा वाजवत होते. धुक्यातून एकेक तोंड बाहेर येत होतं, सगळी अनोळखी. शेवटचं तुझं होतं. मी बाबांना ओरडले, "थांबवा, नका वाजवू!" ते वाजवतच राहिले. जिवंतपणी मी एकदा विचारलं होतं त्यांना, कोण येतंय ते कळलं असतं तरी वाजवली असती का? म्हणाले, "वाजवली असती, दिर्चे. बुडणाऱ्याचा सदरा बघायचा नसतो. पण मग दारात मी उभा राहिलो असतो. त्या दिवशी मी आत पळालो."

शनिवारी दाट धुकं आहे म्हणतात. मी दुपारपासून हरपालकडे असेन. त्याला सगळं सांगितलंय. पोलीस ठाण्यातही जाऊन आले, तुझं नाव घेऊन. घंटा तिथंच आहे, दोरी हरपालनं नवी बांधलीय, ती मी ओढीन. तू आणि तुझे दोस्त कालव्यात जायला नकोत. आवाजाच्या रोखानं या, गाडी हळू चालव, वळणावर बांध खचलाय.

दार मी उघडीन. एकटा आलास तर ताट वाढलेलं असेल, सिमरननं वळलेल्या कापेलेत्ती आहेत. खोपटातल्या त्या बाटल्या उचलून आलास तर खुर्चीही तयार आहे. मी बसेन तिच्यावर. नाक तूच धर, दुसऱ्या कुणाला धरू देऊ नकोस.

दोरी धरून तुझी वाट बघणारी,
आमोसची लेक, तुझी आजी
दिर्चे