वाडीत वाचतं कोण?

नेरळ, १२ एप्रिल १९३४
ठाकरवाडीची मुलं आज तिसऱ्या दिवशीही शाळेत नाहीत. करवंदांचे दिवस, म्हणून मनावर घेतलं नव्हतं. दुपारी टपालानं मासिक आलं.

पहिलीच गोष्ट श्रीधरपंतांची. 'डोंगरकन्येचे विष'. शीर्षकाखाली बारीक अक्षरात : 'नेरळच्या माझ्या शिक्षक मित्रास, ज्याने हे रान मला दाखविले.' म्हणजे मी. आधी छाती फुगली, हे कबूल करतो. दोन पानांनी अंग गार पडलं.

नायिका सोमी ठाकरीण. वाडी पेब किल्ल्याच्या पायथ्याची. नवरा कमळू. नावगाव सगळं खरं! आणि ती करते काय, तर माथेरानच्या आचाऱ्यावर भाळते नि आजारी नवऱ्याला रानमुळीचा रस पाजून मारते.

खरा कमळू दोन वर्षांपूर्वी हिरड्याच्या झाडावरून पडला. कंबर मोडली. दवाखाना वर माथेरानला, म्हणून सोमीनं नि तिच्या दिरानं, गोमानं, त्याला झोळीत घालून डोंगर चढवला. वर पोचण्याआधी वाटेतच गेला. हे सगळं श्रीधरपंतांना सांगितलं कुणी? मी. दिवाळीच्या सुट्टीत, वाडीची वाट चढताना, मोठ्या लेखकाशी बोलायला मिळतंय या आनंदात.

ही म्हणाली, "जेवायला चला." जेवण गेलं नाही.

१३ एप्रिल
शाळा सुटल्यावर वाडीवर गेलो. एरवी लांबूनच 'गुरजी आला' होतं, अंगणात घोंगडी पडते. आज कुणी उठलं नाही. सोमी दारात उभी. शेणानं भरलेले हात तसेच.

माथेरानच्या ज्या हॉटेलात ती चार वर्षं झऱ्याचं पाणी भरते, तिथल्या मालकिणीनं गोष्ट पाहुण्यांना वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सोमीला फाटकातून परत पाठवलं.

"माज्या हातचं पानी इखाचं हाय म्हनं," सोमी म्हणाली. "त्याला तूच सांगितलंस ना रं, गुरजी?"
"सांगितलं. पण असं नव्हतं सांगितलं."
"मंग कसं?"
मी सांगितलं. झाड, झोळी, चढ. तिनं सगळं ऐकून घेतलं.
"येवडं खरं तुला ठावं, मंग त्यानं खोटं कशापायी ल्हिवलं?"

 

१५ एप्रिल
संपादकांना पत्र. चार पानं. हिला वाचून दाखवलं. म्हणाली, "साडेतीन पानं तुमचा राग आहे. सोमीचं काम गेलं ते एका ओळीत." फाडलं. पुन्हा लिहिलं. एक पान झालं.

२४ एप्रिल
संपादकांचं उत्तर. 'ललितकृतीस वस्तुस्थितीचे बंधन नसते. गोष्टीचे वाचकांनी उत्तम स्वागत केले आहे. आपणांस रानजीवनाची माहिती दिसते. काही लिहीत असाल तर अवश्य पाठवावे.'

अवश्य! म्हणजे आणखी एखादीचं नाव विकायला काढू?

दरवर्षी हंगाम आला की हेच. चित्रकार येतात, ठाकरणींना डोक्यावर हंडा देऊन उन्हात उभ्या करतात नि चित्राला 'गिरिबाला' म्हणतात. कवी येतात, धबधबे मोजून जातात. या डोंगरात माणसं राहतात, त्यांना घरं आहेत, भाऊबंद आहेत, भांडणं आहेत, हे कुणाच्या गावी नाही. आणि त्यांच्यापुढे कंदील धरून चालणारा मी.

२९ एप्रिल
व्हायचं तेच झालं. पाटलानं बाजारात चेष्टेनं विचारलं, "सोमे, कमळूला काय पाजलंस गं?" लोक हसले. गोमा हसला नाही. संध्याकाळी वाडीत म्हणाला, "झोळीला मी म्होरं होतो. मागं हिनं काय केलं, मला काय ठावं?"

चीड येण्यापलीकडचं आहे हे. सख्खा दीर, स्वतः झोळी वाहिलेला! त्याचा डोळा सोमीच्या नाचणीच्या दळीवर आहे. डोंगरउतारावरचा तेवढा एक तुकडा तिच्याकडे. नवऱ्याला मारणारीला दळी कशी द्यायची, हे आता वाडीची बैठक ठरवणार.

छापलेल्या सोळा पानांनी हे केलं.

६ मे
श्रीधरपंत माथेरानला आलेत असं परवा स्टेशनवर कळलं. काल सोमीला विचारलं, येतेस का. म्हणाली, "येते. मला ते समदं ऐकायचं हाय. त्याच्याच तोंडून." आज पहाटे निघालो, पायी. वाटेत एका खडकाशी ती जरा थांबली. झोळी तिथंच उतरवली असावी.

श्रीधरपंत व्हरांड्यात चहा घेत होते. "या या, मास्तर! अंक मिळाला ना?"

मी बोललो. आवाज चढला. शेजारच्या खोलीतले लोक बाहेर आले. ते शांत. "मास्तर, कला म्हणजे पंचनामा नव्हे."
"मग नाव खरं कशाला घातलंत?"
"दुसरं बसेना हो. सो-मी. काय नाद आहे पाहा! आणि वाडीत वाचतं कोण?"

हे तिच्यासमोर. ती पायरीवर बसली होती. त्यांना वाटलं मी कुणी हमालीण आणलीय. मी म्हटलं, "ही सोमी."

तेव्हा मात्र कप खाली ठेवला.

सोमी म्हणाली, "वाच."

नाइलाजानं वाचू लागले. अडखळत, मधली वाक्यं गाळत. रस पाजण्याचा प्रसंग आला तशी ती उठून उभी राहिली. "त्यानं पानी मागितलं व्हतं. माज्याकडं नव्हतं. मी म्हनलं, वर गेलो की झरा हाय, जरा दम काढ. तो म्हनला, सोमे, खाली ठेव मला, तुजा खांदा सोलला. आनि गेला. पानी बी नाय पाजलं मी, इख कुठलं पाजीन?"

 आणि मग श्रीधरपंतांनी खिशातून वही काढली, पेन्सिल काढली नि म्हणाले, "थांब, थांब. ते खांद्याचं पुन्हा सांग."

मी वही हिसकावली. पान फाडलं, चुरगाळलं. कोणी 'अहो मास्तर' म्हणत मला मागे ओढलं. सोमी केव्हाच फाटकाबाहेर पडली होती.

उतरताना एकच बोलली. "त्याला वाईट वाटलं असं वाटलं मला. घटकाभर."

१४ मे
श्रीधरपंतांचं पत्र. माझं वर्तन असभ्य. ठरवलं तर वरिष्ठांना कळवू शकतात. तरीही उदार मनानं, मी लेखी क्षमा मागितल्यास 'गोष्टीतील पात्रे काल्पनिक आहेत' असा खुलासा पुढच्या अंकात देतील.

क्षमा! मी! त्यांची!

ही म्हणाली, "तुमच्या मानापेक्षा तिची दळी मोठी आहे."
"पण चूक त्यांची आहे."
"आणि तुमची नाही?"

१६ मे
क्षमापत्र टाकलं. तीन ओळी. लिहिताना दात आवळून इतका बसलो की अजून कानशील दुखतंय. फक्त एक जास्तीचं लिहिलं : खुलाशात सोमीचं नाव नको, एकदा छापलं तेवढं पुरे.

१९ मे
बैठक परवा. अंक येणार पुढच्या महिन्यात. म्हणजे खुलासा येईल तेव्हा निकाल लागून गेलेला असेल. वाडीवर जाऊन सांगितलं. सोमी मोहाची टोळं फोडून आतल्या बिया काढत होती.

"कागद नाय तर नाय. मी बोलीन."
"मी येतो. सांगतो सगळ्यांना खरं काय ते."
"तू व्हतास का तिथं?"
"नाही."
"मंग तू बस नुसता. लय बोललास."

हे लागलं. लागायलाच हवं होतं.

२० मे
आज सुट्टीमुळे शाळा बंद, मी दप्तर लावत बसलो होतो. दारात गोमा. आत ये म्हटलं तर येईना. उंबऱ्याशी उकिडवा बसला.

"गुरजी, त्या बुकात माजं नाव हाय का?"

नाही, म्हटलं.

"झोळी हाय?"

झोळी नाही. गोष्टीत कमळू घरातच मरतो. डोंगर चढायचा प्रसंगच नाही.

"नीट बग."

मासिक काढलं. त्याच्यासमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. पाऊण तास गेला. तो भिंतीकडे बघत ऐकत होता. 

"म्हंजी मी नव्हतोच," तो म्हणाला. "आमी त्याला न्येलाच नाय."

मी म्हटलं, "गोमा, नेलात की. तू पुढं होतास."

"माज्या भावाला घरात मरू दिला म्हनतो ह्यो."  एवढ्या दिवसांत प्रथमच मला त्याचा राग आला नाही.  उद्या बैठकीत हेच सांग, असं जिभेवर आलं होतं. सोमीचं बोलणं आठवलं नि गिळलं.

तो उठला. मुंडासं बांधलं. पायरी उतरून पुन्हा वळला.

"झोळीचा बांबू अजून हाय माज्याकडं," म्हणाला, नि बाजाराच्या वाटेनं गेला. वाडीची वाट उजवीकडे. उद्या बैठकीत तो बांबू दिसेल की नाही, सांगता येत नाही.