सडकेवरचं शून्य

मंगळवार, १२ एप्रिल १९९४

झरी गावातल्या घराचा नकाशा करताना कॉम्प्युटरमध्ये सगळ्या उंच्या जिथून मोजायच्या, ते शून्य मी सडकेवर धरलं होतं. आज जागेवर गेले, तर सडकेवर हातभर मुरूम पडलेला. गफूर मिस्त्री हसले, "ताई, तुमचं शून्य गाडलं की सडकेत! जोतं एवढंच ठेवलं तर पावसाळ्यात चुलीत पाणी शिरंल बघा."

सडक वाढते, हे मला कसं सुचलं नाही? ऑफिसात येऊन शून्य विहिरीच्या दगडी कठड्यावर नेलं, जोतं हातभर उचललं, प्रत्येक आकडा दोनदा तपासला. सडकेवर शून्य!

साहेब म्हणाले, "बरं झालं, वेळेत तुमच्या लक्षात आलं."

मी नुसती मान हलवली. लक्षात मिस्त्रींच्या आलं होतं. उद्या साहेबांना आधी हे सांगायचं, मग कॉम्प्युटर सुरू करायचा.